पावलांचा हिशेब : ज्येष्ठांचे चालणे आणि स्मार्टफोनमधील आकडा

बीजसंज्ञा : वृद्धत्व, चालणे, स्मार्टफोन, मोजदाद, शतपावली, पदपथ

प्रास्ताविक

जेवणानंतरच्या चार फेऱ्यांना मराठीत 'शतपावली' म्हणतात. शब्दात शंभराचा आकडा स्पष्ट असला, तरी शतपावली घालताना कोणी पावले मोजल्याचे आढळत नाही. अंगणात, गच्चीवर किंवा सदनिकेच्या अरुंद व्हरांड्यात चार-दोन येरझाऱ्या झाल्या, शेजाऱ्याशी दोन शब्द बोलून झाले, की शतपावली झाली असे समजले जाते. येथे शंभर ही संख्या नसून मर्यादेची सूचना आहे. फार नको, अगदीच नाही असेही नको, एवढाच तिचा अर्थ. गेल्या दशकात मात्र मराठी मध्यमवर्गीय घरांतील ज्येष्ठांच्या बोलण्यात एक वेगळा आकडा रुळला आहे. सकाळी बागेच्या बाकावर 'आज किती झाली?' असा प्रश्न विचारला जातो, आणि तो पावलांविषयी आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

स्मार्टफोनमुळे वयस्कर माणसे अधिक चालू लागतात, असे सर्वत्र सांगितले जाते. उत्पादक ते जाहिरातीत सांगतात, डॉक्टर सल्ल्यात सांगतात आणि मुले आईवडिलांना फोन भेट देताना सांगतात. हे विधान निराधार नाही. तथापि कोणते चालणे, कोणाचे चालणे आणि कोणत्या आकड्याच्या प्रेरणेने चालणे, हे प्रश्न त्यात दडून राहतात. प्रस्तुत लेखात या विधानाची आणि त्यामागील आकड्याची समीक्षा केली आहे.

दहा हजारांचे मूळ

पावले मोजणाऱ्या बहुतेक साधनांच्या मागे दहा हजार हे उद्दिष्ट उभे असते. ते वैद्यकशास्त्राने घालून दिले आहे, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः त्याचे मूळ जपानी बाजारपेठेत आहे. 1964 मध्ये टोकियो येथे ऑलिंपिक स्पर्धा झाल्या आणि तेथे व्यायामाविषयी जनमानसात उत्साह निर्माण झाला. पुढच्याच वर्षी, 1965 मध्ये, यामासा या कंपनीने कमरेला लावण्याचे पदमापक विक्रीस आणले आणि त्याचे नाव 'मानपो-केई' ठेवले. या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचे मापक' असा होतो. आकडा गोल होता, लक्षात राहणारा होता, आणि जपानी लिपीतील दहा हजारांचे चिन्ह चालणाऱ्या माणसासारखे दिसते असेही सांगितले जाते. म्हणजे एका वस्तूचे नाव कालांतराने आरोग्याचा निकष झाले. व्यापारी नावे सामान्यनामे झाल्याची उदाहरणे मराठीतही आहेत. येथे मात्र नावाचा थेट नियम झाला.

हा नियम खिशात येण्यास आणखी अर्धे शतक लागले. 2013 मध्ये ॲपलच्या आयफोन 5एस या फोनमध्ये हालचालींची नोंद ठेवणारा स्वतंत्र प्रक्रियक आला, आणि त्याच वर्षी अँड्रॉइडच्या 4.4 या आवृत्तीत पावले मोजणाऱ्या संवेदकाची सोय झाली. त्यापूर्वी पदमापक वेगळे विकत घ्यावे लागे, आठवणीने कमरेला लावावे लागे. आता ज्याला चालण्याचे मोजमाप नको होते, त्याच्याही हातात ते आपोआप आले. ज्येष्ठांच्या बाबतीत हा फरक निर्णायक आहे. फोन बहुधा नातवंडांचे चेहरे पाहण्यासाठी घेतलेला असतो. पावले त्यात न मागता मिळतात.

संशोधन काय सांगते

मोजण्याने माणसे अधिक चालतात, याला भक्कम आधार आहे. दीना ब्राव्हाटा व सहकाऱ्यांनी 2007 मध्ये 'जामा' या नियतकालिकात 26 अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यात पदमापक वापरणाऱ्यांचे चालणे पूर्वीच्या तुलनेत सुमारे 27 टक्क्यांनी वाढल्याचे दिसले, आणि ज्यांना पावलांचे निश्चित उद्दिष्ट दिले होते त्यांच्यात ही वाढ प्रामुख्याने आढळली. स्मार्टफोनच्या समर्थनार्थ हा आढावा वारंवार पुढे केला जातो. परंतु त्यातील सहभागी व्यक्तींचे सरासरी वय 49 होते, बहुसंख्य स्त्रिया होत्या, आणि साधन फोन नसून साधे पदमापक होते. पन्नाशीतल्या व्यक्तीचे निष्कर्ष पंचाहत्तरीतल्या व्यक्तीला जसेच्या तसे लावणे म्हणजे प्रौढाचा अंगरखा वृद्धाला चढवण्यासारखे आहे. तो अंगात जातो खरा, पण बसत नाही.

वृद्धांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा अभ्यास आय-मिन ली व सहकाऱ्यांचा, 2019 मधील आहे. अमेरिकेतील 16,741 स्त्रियांच्या कमरेला सात दिवस त्वरणमापी यंत्र लावून त्यांची पावले नोंदवली गेली आणि पुढे सरासरी चार वर्षांहून अधिक काळ त्यांचा मागोवा घेतला गेला. या स्त्रियांचे सरासरी वय 72 होते. दिवसाला सुमारे 2,700 पावले चालणाऱ्या गटाच्या तुलनेत सुमारे 4,400 पावले चालणाऱ्या गटात मृत्यूचे प्रमाण 41 टक्क्यांनी कमी आढळले. पावले वाढत गेली तसा हा लाभ वाढत गेला, परंतु 7,500च्या आसपास तो स्थिरावला. 2022 मध्ये अमांडा पलुश व सहकाऱ्यांनी 15 अभ्यासांतील 47,471 व्यक्तींची माहिती एकत्र केली. तेव्हाही साठीपुढील व्यक्तींच्या बाबतीत लाभाची रेषा 6,000 ते 8,000 पावलांच्या दरम्यान सपाट होत असल्याचे दिसले. हे निरीक्षणात्मक अभ्यास आहेत. जो आजारी आहे तो मुळातच कमी चालतो, ही शंका संख्याशास्त्रीय दक्षता घेऊनही पूर्णपणे फिटत नाही. तरीही त्यांतून एक गोष्ट निःसंशय पुढे येते. दहा हजार हा ज्येष्ठांसाठी आवश्यक उंबरठा नाही.

या आकड्यांचे रूपांतर वेळेत केले म्हणजे त्यांचा खरा आशय उलगडतो. मिनिटाला नव्वद पावले टाकणाऱ्या वृद्ध व्यक्तीला दहा हजार पावलांसाठी जवळपास एक तास पन्नास मिनिटे चालावे लागेल. उलट 2,700 आणि 4,400 यांतील अंतर तिच्या गतीने एकोणीस मिनिटांचे आहे. दूध आणायला जाऊन येणे, देवळात जाणे, खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडे डोकावणे एवढ्यात ते भरून निघू शकते. गुडघेदुखी असलेल्या माणसाला दहा हजार सांगणे म्हणजे त्याला पहिल्याच दिवशी अनुत्तीर्ण ठरवणे होय.

या संदर्भात लंडनमधील 'पेस-अप' या चाचणीची रचना उद्बोधक आहे. टेस हॅरिस व सहकाऱ्यांनी 45 ते 75 वयोगटातील, फारसे न चालणाऱ्या 1,023 व्यक्तींवर ती केली. सहभागी व्यक्ती मुळात किती चालते हे आधी पाहिले गेले आणि त्यावर क्रमाक्रमाने वाढ सुचवली गेली. एका गटाला पदमापक, पुस्तिका व रोजनिशी केवळ टपालाने पाठवली होती. दुसऱ्या गटाला परिचारिकेचे मार्गदर्शनही होते. बारा महिन्यांनंतर, नेहमीची सेवा घेणाऱ्यांच्या तुलनेत, पहिल्या गटात रोज सरासरी 642 आणि दुसऱ्यात 677 पावलांची वाढ आढळली, आणि तीन वर्षांनंतरही लाभ टिकून असल्याचे पुढील पाहणीत दिसले. वाढ डोळे दिपवणारी नाही. पण ती टिकली, आणि तिच्यासाठी स्मार्टफोन लागला नाही. पुठ्ठ्याची रोजनिशी पुरली. यावरून यंत्राच्या झगमगाटापेक्षा उद्दिष्ट कोणापासून सुरू होते, हा मुद्दा अधिक कळीचा ठरतो.

न मोजलेली पावले

स्मार्टफोन पाऊल पाहत नाही. तो धक्का पाहतो. त्यातील त्वरणमापक तीन दिशांतील वेगबदल नोंदवतो आणि त्यातून ठरावीक लयीने येणारी शिखरे शोधून प्रत्येक शिखराला एक पाऊल मानतो. तरुण, ठणठणीत चालीला ही रीत चांगली लागू पडते. वृद्धत्वात मात्र चाल बदलते. पाऊल कमी उचलले जाते, टाच ठामपणे टेकत नाही, शरीर सावधपणे पुढे सरकते. धक्का सौम्य झाला की शिखरही बुटके होते आणि यंत्राच्या नजरेतून निसटते. काठी किंवा वॉकर घेऊन चालणाऱ्यांची, अथवा सेकंदाला एक मीटरहूनही बऱ्याच कमी वेगाने चालणाऱ्यांची पावले कमी मोजली जातात, हा या साधनांचा परिचित दोष आहे. त्याशिवाय गाडीतले हादरे पावले म्हणून धरले जाऊ नयेत यासाठी सलग काही पावले पडल्यावरच मोजणी सुरू करण्याची पद्धत अनेक यंत्रांत असते. परिणामी स्वयंपाकघरातून देवघरात आणि देवघरातून दारापर्यंत अशी चार-पाच पावलांची तुटक ये-जा हिशेबाबाहेर राहू शकते.

येथे एक विपरीतता नजरेस येते. ज्याला पाऊल टाकण्यास सर्वाधिक प्रयास पडतात, त्याचेच पाऊल यंत्र नाकारते. पक्षाघातानंतर काठीच्या आधाराने अंगणाच्या टोकापर्यंत जाऊन आलेल्या माणसाच्या फोनवर दिसणारा तुटपुंजा आकडा त्याच्या श्रमाचा अवमान करतो. उत्तेजन देण्यासाठी ठेवलेले साधन येथे नाउमेद करते. आणि वृद्ध माणूस यंत्र चुकले असे सहसा म्हणत नाही. आपणच कमी पडलो असे तो समजतो.

दुसरा प्रश्न खिशाचा आहे, आणि तो जितका क्षुल्लक वाटतो तितका नाही. सदऱ्याला खिसा असतो. साडीला नसतो. साठी-सत्तरीतील कितीतरी मराठी स्त्रियांचा फोन दिवसभर ओट्याच्या कडेला, फ्रिजवर किंवा चार्जिंगला लावलेला असतो. सकाळपासून झाडलोट, पूजा, स्वयंपाक, नातवंडांच्या मागे धावणे यांत त्या स्त्रीची हजारो पावले पडतात, आणि फोनच्या लेखी ती जागची हललेली नसते. संध्याकाळी यजमान फोन खिशात घालून अर्धा तास फिरून येतात. रात्री दोघांच्या आकड्यांची तुलना झाली, तर कोण अधिक 'सक्रिय' ठरेल हे सांगायला नको. घरकामाचे श्रम अर्थशास्त्राच्या हिशेबातून वगळले जातात, हा स्त्री-अभ्यासाचा जुना आक्षेप आहे. पावलांच्या हिशेबात त्याची हुबेहूब पुनरावृत्ती होते.

हा दोष घरापुरता राहत नाही. 2017 मध्ये टिम अल्थॉफ व सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये 111 देशांतील 7,17,527 व्यक्तींच्या स्मार्टफोन-नोंदींवर आधारित अभ्यास प्रसिद्ध केला. जागतिक सरासरी दिवसाला 4,961 पावले निघाली. देशांतर्गत विषमतेचा मोठा भाग स्त्रियांच्या कमी चालण्यातून येतो, असाही निष्कर्ष निघाला. अभ्यासाची व्याप्ती थक्क करणारी आहे आणि विषमतेकडे लक्ष वेधण्याचे त्याचे श्रेय मोठे आहे. तथापि त्यात मोजली गेली ती फोनबरोबर पडलेली पावले. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, ज्यांनी ते ॲप घेतले नाही आणि ज्यांच्या पोशाखात फोनला जागा नाही, त्यांच्याविषयी असा अभ्यास जपूनच बोलू शकतो. शेतावर जाणारी साठीची मजूर स्त्री या नकाशावर सहसा उमटतच नाही. तिला अधिक चाला असे सांगण्याची गरजही नसते.

संकल्प आणि मध्यरात्र

मोजदाद ही पाश्चात्त्य यंत्रसंस्कृतीची देणगी असून भारतीय वृद्धाला ती परकी आहे, असा युक्तिवाद कधीकधी केला जातो. तो टिकणारा नाही. जपमाळेचे 108 मणी, अकरा किंवा एकवीस प्रदक्षिणा, बेलाची किंवा तुळशीची लाखोली, वहीत लिहिलेले रामनाम, या सर्वांत संख्या आहे. मराठी घरातील आजी यंत्राशिवाय लाखापर्यंत मोजत आली आहे. किंबहुना ज्येष्ठांनी पावलांचा आकडा इतक्या सहजतेने स्वीकारला, याचे एक कारण ही जुनी सवय असावे.

परंतु दोन्ही मोजण्यांत मूलभूत अंतर आहे. लाखोली हा संकल्प असतो. तो स्वतः सोडलेला असतो, शक्तीप्रमाणे दिवसांत वाटून घेतलेला असतो, एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी भरून काढता येतो, आणि तो पूर्ण झाला की उद्यापन होते. पुढे मोजायचे नसते. फोनचा हिशेब मध्यरात्री शून्यावर येतो. कालच्या सात हजारांतील एकही पाऊल आजच्या खात्यावर जमा होत नाही, आणि उद्यापनाची सोयही नाही. पावसाचा दिवस, तापाचा दिवस, श्राद्धाचा दिवस त्याला सारखेच. शरीराची लय जिथे दिवसागणिक बदलते, त्या वयाला रोजच्या सारख्या मापाचा आग्रह जाचक होतो. वास्तविक आठवड्याचा किंवा महिन्याचा हिशेब ठेवणे यंत्राला मुळीच अवघड नाही. अनेक ॲपमध्ये ती माहिती असतेही, पण मुख्य पडद्यावर वर्तुळ असते ते 'आज'चेच.

जॉर्डन एट्किन यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून असे दिसले, की आनंदासाठी केलेल्या गोष्टी मोजू लागले की त्या अधिक केल्या जातात, पण त्यांतील आनंद घटतो. कारण मोजल्याने छंदाचे काम होते. मोजणी थांबल्यावर ती गोष्ट पुढे चालू ठेवण्याची इच्छाही ओसरते. हे निष्कर्ष खास वृद्धांविषयीचे नाहीत. तरी फोन घरी राहिला म्हणून 'आजचे चालणे वाया गेले' असे म्हणणारे ज्येष्ठ कोणत्याही बागेत भेटतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या निष्कर्षांची दखल घ्यावीशी वाटते.

आळंदीहून पंढरपूरला निघणाऱ्या पालखीबरोबर सत्तरी ओलांडलेले असंख्य वारकरी चालतात. ते अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर आहे. पाऊल साठ सेंटिमीटरचे धरले तर चार लाखांहून अधिक पावले होतात. म्हणजे सरळ चार लाखोल्या. त्यांना चालवते ते काय, याची उत्तरे अनेक देता येतील. मुक्काम ठरलेला असतो, दिंडी मागे राहिलेल्याला सोडून जात नाही, मुखी नाम असते. महात्मा गांधी 1930 मध्ये दांडीला निघाले तेव्हा साठ वर्षांचे होते, आणि विनोबांनी 1951 मध्ये भूदानासाठी पायी हिंडणे सुरू केले तेव्हा पंचावन्न. ही थोरांची उदाहरणे सामान्य निवृत्त माणसाला लावणे अप्रस्तुत आहे, हे मान्य. मुद्दा इतकाच, की वृद्ध माणूस कोठेतरी जाण्यासाठी आणि कोणाबरोबर तरी चालतो. फोन त्याला किती चालला ते सांगतो. कोठे जायचे, याविषयी त्याच्याकडे सुचवण्यासारखे काही नसते.

रस्त्याचा प्रश्न

चालण्याचे उत्तेजन फोनमध्ये असले, तरी चालण्याची जागा रस्त्यावर आहे. भारतीय रस्ते महासभेच्या 2012 सालच्या पादचारी सुविधाविषयक मार्गदर्शक तत्त्वांत पदपथाची अडथळामुक्त रुंदी किमान 1.8 मीटर आणि कडेच्या दगडाची उंची 150 मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी, असे म्हटले आहे. पुणे महानगरपालिकेने 2016 मध्ये स्वतंत्र पादचारी धोरण स्वीकारले. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथ वापरण्याचा पादचाऱ्यांचा हक्क हा घटनेच्या 21व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले. कागदावर याहून अधिक काय हवे? प्रत्यक्षात पदपथावर दुचाकी उभी असते, झाकण निघालेले गटार असते, रोहित्राची पेटी असते, आणि कडा गुडघ्याला पेलणार नाही इतकी उंच असते. ज्येष्ठ व्यक्तीला डांबरी रस्त्यावर उतरावे लागते.

पडणे ही वृद्धत्वातील किरकोळ घटना नसते. खुब्याचे हाड मोडले की अनेकांचे चालणे कायमचे संपते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत 65 वर्षांपुढील व्यक्तींसाठी नुसत्या चालण्यावर न थांबता, तोल आणि स्नायूबल वाढवणारे मिश्र व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस करावेत, असे सांगितले आहे. एका पायावर काही क्षण उभे राहण्याचा सराव पावलांच्या आकड्यात एकानेही भर घालत नाही, म्हणून तो मागे पडतो. जे मोजता येते तेच आरोग्य, ही समजूत येथे प्रत्यक्ष अपायकारक ठरते. अल्थॉफ यांच्याच अभ्यासात अमेरिकेतील 69 शहरांची तुलना केली असता, जी शहरे पायी फिरण्यास अधिक सोयीची होती त्यांत चालण्यातील विषमता कमी आढळली होती. शहराने करावयाचे काम फोनच्या सूचनेवर सोपवले, की न चालण्याचा दोष नागरिकाच्या आळसाकडे जातो आणि पालिका नामानिराळी राहते.

कोणासाठी चालणे

आणखी एका गोष्टीची नोंद आवश्यक आहे. पावलांचा आकडा आता वृद्धाच्या एकट्याचा राहिलेला नाही. मुलगा परदेशात किंवा दुसऱ्या शहरात असतो, आईवडिलांचा आकडा त्याच्या फोनवर दिसतो, किंवा रात्री कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला जातो. 'बाबा, आज चालला नाहीत का?' या विचारण्यात माया आहे आणि पाळतही आहे. दोन्ही वेगळ्या करता येत नाहीत. एकाकी वृद्धाला ही विचारपूस हवीशी वाटते, आणि केवळ तिच्यासाठी तो दाराबाहेर पडतो. स्मार्टफोन ज्येष्ठांना चालायला लावतो या विधानातील सर्वांत खरा भाग कदाचित हाच आहे. चालवते ते यंत्र नव्हे, यंत्राच्या पलीकडे कोणीतरी पाहते आहे ही जाणीव. 'पेस-अप'मधील रोजनिशी परिचारिकेविनाही उपयोगी पडली, हे या प्रतिपादनाच्या विरुद्ध जाते खरे. पण तेथेही आपली नोंद कोणीतरी मागितली आहे, हे सहभागी व्यक्तीला ठाऊक होतेच.

आणि ज्या संध्याकाळी हे बाबा फोन घरी विसरून जुन्या सहकाऱ्याबरोबर नदीकाठाने दोन तास रमतगमत हिंडून येतात, त्या रात्री दूरच्या शहरातील पडद्यावर त्यांच्या नावापुढे तीनशे बारा पावले दिसतात, आणि मुलगा काळजीने फोन लावतो.